डोळे कोणी रंगवले?

मी संशयी आहे असं आमच्या घरात उघडपणे बोललं जातं आणि मला त्याचं काही वाटत नाही. माझं कामच तसं आहे. दातांच्या लॅबमध्ये मी कॅप आणि कवळ्या करते. चिनी मातीची पूड ओली करून बारीक कुंचल्याने थरावर थर चढवायचा, भट्टीत भाजायचा, पुन्हा चढवायचा. शेवटी तो दात तोंडात असा बसला पाहिजे की बायकोचा कोणता दात मूळचा आणि कोणता बसवलेला ते खुद्द नवऱ्यालाही कळू नये. हे जमायचं तर प्रत्येक दाताकडे आधी ‘तू खोटा आहेस’ अशा नजरेने बघावं लागतं. तीच नजर घेऊन मी घरी येते. ती काय लॅबच्या खुंटीला टांगून येऊ?

तर आमच्या मुंगीने त्या मुलाला पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा मी त्याच्याकडे त्याच नजरेने बघितलं. मुंगी म्हणजे आमची एकुलती एक लेक. लहानपणापासून चणीने बारीक आणि सदा काहीतरी ओढत घेऊन चाललेली, म्हणून तिच्या बाबांनी ठेवलेलं नाव. मोठी झाली, औषधांच्या गोदामात चांगल्या हुद्द्यावर लागली, तरी नाव काही सुटलं नाही. तो मुलगा मात्र भलताच उंच, मान पुढे काढून चालणारा. मी मनातल्या मनात त्याला उंट म्हणायला लागले. दोघं लग्न करायचं म्हणत होते. ‘तुमची हरकत नसेल तर’ असं मुंगी म्हणाली खरी, पण ते अशा सुरात म्हणाली की हरकत असली तरी करणार हे उघड होतं. म्हणजे हा माणूस कसा आहे ते शोधून काढायला मला फार वेळ नव्हता.

उंटाच्या हातात एक मोठा खोका होता. बूट काढतानाही त्याने तो खाली ठेवला नाही.

“काय आहे त्यात?” मी विचारलं.

“रंगकामाच्या स्पर्धेसाठीचं मॉडेल आहे, काकू. इथून तसाच क्लबला जाणार आहे मी.”

“दाखव की मग.”

खोक्यात स्पंज कापून खाचा केल्या होत्या. त्यांतून त्याने एकेक तुकडा काढला आणि टेबलावर जोडत गेला. सांध्यांत बारीक लोहचुंबक होते, त्यामुळे पाय आणि नांग्या टक् टक् करत जागेवर बसत होत्या. जोडून झालं तेव्हा चहाच्या किटलीपेक्षा मोठा एक प्राणी आमच्या टेबलावर उभा होता. सहा पाय, पाठीवर जांभळं कवच, जबड्यात दातांच्या रांगा आणि कपाळभर डोळे.

“परग्रहावरची टोळी आहे,” उंट सांगू लागला. “टेबलावर युद्ध खेळतो आम्ही. फासे टाकायचे, टेपने अंतर मोजायचं, आपापल्या फौजा पुढे सरकवायच्या. ही त्या टोळीची आई. ही जवळ असली की बाकीचे पळून जात नाहीत. सगळीकडे लक्ष असतं हिचं.”

“कोणीतरी ठेवायलाच हवं,” मी म्हटलं.

हे, म्हणजे मुंगीचे बाबा, एवढ्या जोरात हसले की त्यांच्या कपातला चहा बशीत सांडला. मी तिकडे दुर्लक्ष केलं, पर्समधून माझं भिंग काढलं आणि त्या प्राण्यावर वाकले. भिंग माझ्या पर्समध्ये कायम असतं. लोक रुमाल ठेवतात तसं.

“रंगवलं कोणी हे?”

उंटाने मुंगीकडे बघितलं. पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ. मग म्हणाला, “मी.”

आणि माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

कारण तो रंग एका हातचा नव्हता. एका कवळीत पुढचे दात एकाने आणि दाढा दुसऱ्याने केल्या असतील तर मला बघताक्षणी कळतं, मग हे तर किटलीएवढं धूड. पाठीचं कवच धसमुसळ्या हाताने केलेलं होतं. कुंचल्यावरचा रंग फडक्यावर पुसून टाकायचा आणि जवळजवळ कोरडा कुंचला कंगोऱ्यांवरून घासायचा, अशी ती रीत. वाईट नव्हतं काम, उलट छान दणकट दिसत होतं. पण मानेपासून पुढे सगळंच बदललं होतं. तिथे पाण्यासारखे पातळ थर एकावर एक दिले होते, प्रत्येक वाळू देऊन, त्यामुळे कातडीच्या आतून उजेड येतोय असं वाटत होतं. मी दाताच्या टोकाला जी पारदर्शक कड आणते ना, तीच. आणि ते डोळे! प्रत्येक डोळ्यात आधी काळं, मग त्यावर मधाच्या रंगाचं कडं, मधोमध उभी बारीक चीर, आणि उजेड पडतो त्या बाजूला पांढरा ठिपका. डझनभर तरी डोळे असतील, एकातलाही ठिपका चुकला नव्हता. खरं सांगते, मला हेवा वाटला. माझ्या लॅबमध्ये असा हात कोणाचाच नाही, आणि आता चाळिशीच्या चष्म्यानंतर माझाही राहिलेला नाही.

मी भिंग मिटलं. उंट जाईपर्यंत गोड बोलले. मी गोड बोलायला लागले की हे घाबरतात.

“खोटं बोलला तो,” रात्रीची भांडी आवरताना मी यांना म्हटलं.

“अगं, रंगवलं असेल कोणा मित्राच्या मदतीने.”

“मग तसं सांगायचं ना! आणि मित्र नव्हे. बाई आहे ती.”

“हे कुठे लिहिलंय त्या राक्षसावर?”

“मानेवर लिहिलंय. दोन हात जिथे भेटतात तिथे जोड दिसत नाही. एकाचा रंग दुसऱ्याच्या रंगात मुरलाय. एकाने करून दुसऱ्याकडे पाठवलं तर असं होत नाही. एका टेबलाशी शेजारीशेजारी बसून, आता तू, आता मी, असं केल्याशिवाय नाही होत. आणि जी माणसं एकमेकांना कंटाळली आहेत त्यांना तर मुळीच जमत नाही.”

यांनी ताट पुसता पुसता माझ्याकडे बघितलं आणि काहीतरी बोलणार होते ते गिळलं. मला वाटलं, पटलं बहुतेक.

दुसऱ्या दिवशी मी मुंगीला विचारून बघितलं. सरळ नाही, आडून. “तुझ्या त्याला मैत्रिणी बऱ्याच असतील नाही क्लबमध्ये?” ती म्हणाली, असतील. “रविवारी तू कामावर असतेस तेव्हा तो काय करतो?” ती म्हणाली, “रंगवतो.” “एकटाच?” त्यावर तिचा चेहरा लालबुंद झाला आणि ती “आई, सोड ना” म्हणून उठून गेली. मला कसंतरीच झालं. म्हणजे पोरीला माहीत होतं. माहीत असून ती मूग गिळून बसली होती.

मुंगीच्या बाबतीत मी जरा जास्तच हळवी आहे. तिच्या हाताला वळण नाही, हे मी कधीच मान्य करून टाकलं होतं. कॉलेज संपल्यावर मी तिला लॅबमध्ये घेऊन गेले होते, माझ्यामागे हे काम तिने करावं म्हणून. मी तिच्या खुर्चीमागे उभी राहून सांगायचे, असा धर, इथे टेकव, आता उचल. आणि तिचा कुंचला वाऱ्यावरच्या पानासारखा लटपटायचा. एके दिवशी तयार कॅपचा अख्खा ट्रे तिच्या हातून सांडला, तेव्हा तीच म्हणाली की मला नाही जमणार. मी म्हटलं, ठीक आहे बाई, प्रत्येकाचं असतं एकेक. आता त्या उंटाला नेमकी तशी कसबी हाताची दुसरी कोणीतरी सापडली होती, आणि ही बिचारी खोकी मोजत बसली होती. रागाने मला झोप लागेना.

मग मी उंटाच्या खोलीवर गेले. काही न कळवता. तो आमच्याकडे छत्री विसरला होता, तेवढं निमित्त पुरे होतं.

दार उघडल्यावर तो गडबडला. “काकू! तुम्ही?”

“छत्री,” मी म्हटलं आणि आत शिरले.

खोली नीटनेटकी होती, हे मला खटकलं. खिडकीशी लांब टेबल, त्यावर थेंबाथेंबाने रंग काढायच्या बाटल्या रांगेत, ओल्या स्पंजवर पसरलेला कागद आणि कागदावर रंगांचे ठिपके. मधोमध ती राक्षसीण. टेबलाशी दोन खुर्च्या होत्या. दोन दिवे. डोक्याला बांधायची भिंगंही दोन. एका खुर्चीवर दोन जाडजूड उशा रचल्या होत्या, म्हणजे तिथे बसणारी व्यक्ती बुटकी होती. पलीकडे दोन मग. एकातल्या चहावर अजून वाफ होती.

“कोणी आलंय का?”

“नाही… म्हणजे… आत्ताच गेलं.” त्याचे कान लाल झाले. त्याची नजर एकदा बाथरूमच्या बंद दाराकडे गेली आणि परत आली.

मी त्या दाराकडे बघितलं. उघडायला दोन पावलं टाकायची होती. पण कितीही झालं तरी परक्याचं घर, आणि बाथरूममधून एखादी बाई ओढून काढण्याइतकी मी खाली उतरलेली नाही. “स्पर्धा कधी आहे तुमची?” एवढंच विचारलं.

“या रविवारी. पण काकू, तुम्हाला कंटाळा येईल तिथे.”

“येऊ दे,” मी म्हटलं.

रविवारी दुपारी मी यांना घेऊन त्या सभागृहात पोहोचले. हे वाटभर “नको गं, आपण नको जायला” म्हणत होते. आत दिव्यांचा लखलखाट. अर्ध्या भागात लोक टेबलांवर वाकून फासे टाकत होते, टेपने अंतरं मोजत होते आणि मोठमोठ्याने वाद घालत होते. उरलेल्या अर्ध्यात रंगकामाची स्पर्धा. लांब टेबलांवर नंबराच्या चिठ्ठ्या लावून मॉडेलं मांडली होती. परीक्षक, हातात टॉर्च घेतलेला एक टकला माणूस, पहिल्या रांगेत सावकाश सरकत होता. आमची राक्षसीण शेवटच्या रांगेत होती. आसपास उंट दिसेना.

माझा बेत असा होता की काम पुन्हा एकदा नीट बघायचं, खात्री करायची, आणि मग मुंगीला इथेच बोलावून तिच्यासमोर त्याला विचारायचं. मी भिंग लावून वाकले. सर्वांत मोठ्या डोळ्यावर बोटाचा तेलकट ठसा उमटल्यासारखा वाटला. पुढे जे झालं ते माझ्या हाताने केलं, माझ्या डोक्याला विचारलंच नाही. लॅबमध्ये दात तपासायच्या आधी तो स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचा असतो, डाग जातो आणि खरा रंग दिसतो. इतकी वर्षं हेच करत आले. पर्समधून छोटी बाटली निघाली, कापूस निघाला, आणि मी तो डोळा पुसला. शेजारचे दोनही पुसले.

भाजलेल्या चिनी मातीला स्पिरिटने काही होत नाही. हा भाजलेला नव्हता. साधा वाळलेला रंग होता.

कापसावर मधाचा रंग आला, मग काळा. मी कापूस उचलला तेव्हा तिन्ही डोळ्यांच्या जागी राखाडी फराटा होता. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

“काकू, काय लावलंत?”

मागे उंट उभा होता, हातात कागदी कप. मला वाटलं आता हा ओरडेल. तो ओरडला नाही. त्याने कप खाली ठेवला, वाकून बघितलं, आणि त्याचा चेहरा असा झाला की त्यापेक्षा ओरडला असता तर बरं. मी घाबरले की चढ्या आवाजात बोलते, ही माझी सवय.

“तू ते परत करू शकणार नाहीस, माहीत आहे मला. कारण हे तू केलेलंच नाही! जिने डोळे केलेत तिला बोलव. आत्ताच्या आत्ता बोलव. बघू दे तरी मला कोण आहे ती.”

आजूबाजूचे दोन-चार जण फासे हातात धरून बघायला लागले. हे माझी बाही ओढत होते. उंट माझ्याकडे बघत राहिला, मग यांच्याकडे. यांनी मान हलवली. नकार नव्हता तो, ‘आता काय, जाऊ दे’ असं होतं.

“बोलावतो,” उंट म्हणाला.

तो रंगमंचामागच्या, स्पर्धकांनी रंग-कुंचले ठेवलेल्या खोलीकडे गेला. मी पदर खोचून उभं राहावं तशी उभी होते. एवढी चांगली कारागीर, आणि वागणं असलं, हे मी तिच्या तोंडावर म्हणणार होते. दार उघडलं आणि उंटाच्या मागोमाग मुंगी बाहेर आली. अंगात रंगाने बरबटलेला ॲप्रन, कपाळावर सरकवलेलं भिंग.

तिचीही गाठ त्या बाईशी पडली वाटतं, असा विचार माझ्या मनात आला. खरंच आला, ॲप्रन दिसत असूनही. मग मी तिची बोटं बघितली. नखांच्या कडांना मधाचा रंग होता.

मुंगी आधी माझ्याशी बोललीच नाही. ती राक्षसिणीवर वाकली, पुसलेली जागा बघितली, हुंगली. “स्पिरिट,” ती म्हणाली.

“तू?” मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना. “हे तू करतेस?”

“हो.”

“कधीपासून?”

“आमची ओळखच इथे झाली, आई. याला डोळे जमत नव्हते. मी सहज करून बघितले.”

“आणि स्पर्धेत त्याचं एकट्याचं नाव?”

“दोघांचं आहे. जोडीनेही भाग घेता येतो.” ती वळली. “त्याने तुला खोटं सांगितलं ते माझ्यामुळे. मी शपथ घातली होती. बाबांनाही घातली होती.”

मी यांच्याकडे बघितलं. हे छताकडे बघत होते.

“पण का? मला का नाही सांगायचं? मला किती आनंद झाला असता!”

मुंगी ॲप्रनला बोटं पुसत राहिली. तिला बोलायचं नव्हतं, आणि बोलली तेव्हा रागाने नाही बोलली, हेच मला जास्त लागलं. “सांगितलं असतं तर तू बघायला आली असतीस. माझ्यामागे उभी राहिली असतीस. मग हेही गेलं असतं माझं.”

मला उत्तरं सुचली, दोन-तीन सुचली, सगळी तिला शिकवण्याबद्दलची आणि तिच्या भल्याची. पण ती सगळी तिच्या पाठीमागे उभं राहून बोललेली वाटली. मला रडू येत होतं आणि या पोरीसमोर मला रडायचं नव्हतं.

“परीक्षक दुसऱ्या रांगेत आलेत,” उंट हळूच म्हणाला. “इथे येईपर्यंत हात लावायला परवानगी आहे. करतेस?”

मुंगीने मान डोलावली. उंट धावत जाऊन रंगांचा डबा घेऊन आला. यांनी कुठूनतरी खुर्ची आणली, उंटाने आपलं जाकीट गुंडाळून खुर्चीवर ठेवलं, आणि ती त्यावर बसली. तिने भिंग डोळ्यांवर ओढलं. पुसलेली जागा काळी करून घेतली, ती मोठ्या कुंचल्याने, त्यात काही नव्हतं. मग बारीक कुंचला उचलला, ओठांत धरून त्याचं टोक काढलं, अगदी मी काढते तसं, मधाच्या रंगात बुडवला आणि डोळ्याजवळ नेला.

हात थरथरला.

तिने मागे घेतला. बोटं झटकली, करंगळी टेबलाला टेकवली, पुन्हा नेला. पुन्हा तीच थरथर, लॅबमधली. मला टोकाचा प्रत्येक हेलकावा दिसत होता, आणि माझ्या जिभेवर आलं होतं, मनगट टेकव, करंगळी नको. ती वर बघत नव्हती. जा असं म्हणतही नव्हती. टॉर्चवाला तिसऱ्या रांगेत वळला होता.

मी पाठ फिरवली. समोर भिंत होती, तिला खेटून खुर्च्यांची थप्पी. मी त्या थप्पीकडे तोंड करून, शिक्षा झालेल्या पोरासारखी उभी राहिले. मागून काहीच ऐकू येत नव्हतं. कुंचल्याला आवाज नसतो. मान नुसती एवढीशी वळवली असती तर दिसलं असतं, आणि ती वळू नये म्हणून मी दोन्ही हातांनी पर्स आवळून धरली. उंट माझ्या बाजूला येऊन उभा राहिला. त्याला तिच्याकडे तोंड करून उभं राहता येत होतं.

“थरथरतोय का?” मी कुजबुजले.

“नाही, काकू.”

“खरं सांग.”

“खरंच. अजिबात नाही.”

या माणसाच्या एकाही शब्दावर मी आजवर विश्वास ठेवला नव्हता. वळून बघितलं असतं तर लगेच खात्री झाली असती. मी भिंतीकडेच बघत राहिले.

“बरं,” मी म्हटलं.